शून्य टक्क्याचा रोज

माझे साडूभाऊ वाशीम शहरात राहतात आणि मी मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. आमच्यातलं अंतर मोटरसायकलनं तासाभराचं. अकलेचं अंतर मात्र त्यांच्या मते बरंच जास्त आहे. दर भेटीत ते हे अंतर थोडं थोडं कमी करू पाहतात आणि त्या खटपटीत दर वेळी माझे थोडे पैसे जातात.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि साडूभाऊ सहज म्हणून आले होते. ते सहज आले की बायको भज्यांचं पीठ भिजवते आणि मी मनाची तयारी करतो. भजी संपली तशी त्यांनी खाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद ओढला, तेलाचे डाग चुकवत कोरी जागा शोधली आणि माझ्याच खिशातला पेन काढून विचारलं,

"सोसायटीचं पीककर्ज किती भेटते तुमाले?"

"असंन दीड लाख."

"व्याज?"

"तारखीच्या आत भरलं तं शून्य."

"अन बियान्या-खताले पैसे हायेत का घरात?"

"तुरीचे हायेत." त्या वर्षी तुरीला दहा हजारांवर भाव लागला होता. गावातली निम्मी माणसं एकमेकांना 'शेठ' म्हणू लागली होती.

"मंग कर्ज कावून नाई उचलत?"

"गरज नाई म्हणून."

साडूभाऊंनी पेन खाली ठेवला. ज्या नजरेनं डॉक्टर उशिरा आणलेल्या पेशंटकडं पाहतो, त्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं. "गरज असल्यावर कर्ज त कोनीही काढते. गरज नसताना काढाले अक्कल लागते. शून्यानं घ्याचं, सातनं एफडीत ठेवाचं. दीड लाखाचे वर्षाले धा हजार सातशे एकोणऐंशी. पलंगावर पडून. अख्खी दुनिया हेच करून रायली, भाऊ."

एकोणऐंशी या आकड्यानं माझा घात केला. नुसतं 'दहा हजार' म्हटले असते तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ज्या माणसाचा हिशेब एकोणऐंशीपर्यंत जातो त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

आता हा शून्य कुठून येतो तेही सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ही थाप वाटते. जिल्हा बँक गावच्या सहकारी सोसायटीमार्फत पीककर्ज देते त्याचं व्याज सहा टक्के. वेळेवर फेडणाऱ्याला त्यातले तीन टक्के केंद्र सरकार देतं आणि उरलेले तीन राज्य सरकार, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. सहातून सहा गेले, शून्य उरला. २०२१-२२ पासून हा शून्य तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला लागू आहे. पंजाबराव आमच्या वऱ्हाडातले, पापळचे. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून आले आणि पुढं १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री झाले. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांच्या नावानं योजना निघाली. त्या योजनेवर कोणी एफडी काढील हे त्यांना सुचलं नसावं. ते वेदांपर्यंत पोचले होते, आमच्या साडूभाऊंपर्यंत नाही.

सरकारी सवलतींचं आमच्या भागाला नवल नाही म्हणा. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशीमला त्या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात एक गाव दान दिलंय आणि सोबत काय काय माफ केलं याची लांबलचक यादी आहे. गंमत अशी की राजाच्या वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. दीड हजार वर्षांहून जास्त काळ लोटला तरी पद्धत तीच राहिली. योजनेचं नाव अजूनही भारदस्त भाषेत असतं आणि अटी कळायला सोसायटीचा गटसचिव लागतो.

फरक पडला तो एकाच बाबतीत. त्या काळी दान घेणाऱ्याला ताम्रपटाच्या तीन झेरॉक्स मागितल्याचा उल्लेख नाही.

मी कामाला लागलो. पहिला हेलपाटा सातबारा आणि आठ-अ साठी. हे उतारे आता ऑनलाइन मिळतात, पंधरा पंधरा रुपयांत. घरबसल्या मिळतात असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. घर कोणाचं ते लिहिलेलं नसतं. आमच्या बाबतीत ते सेवा केंद्रवाल्याचं घर होतं. त्याच्या ओसरीवर मी पावणेदोन तास बसलो, कारण सर्व्हर डाऊन होता. सर्व्हर म्हणजे काय हे आमच्या गावात कोणाला माहीत नाही, पण तो डाऊन आहे हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा आणि तिसरा हेलपाटा नो ड्यूजसाठी. ज्या बँकेकडून मी जन्मात कर्ज घेतलं नाही तिच्याकडून 'याच्याकडं आमचं काही येणं नाही' असं लिहून आणायचं. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, शिक्का मीटिंगला गेला होता. चौथा हेलपाटा गटसचिवाकडं, पाचवा जामीनदाराला घेऊन पुन्हा गटसचिवाकडं. जामीनदाराला नुसतं न्यावं लागत नाही, चारावंही लागतं. दोन कचोऱ्या, एक आलूबोंडा आणि चहा झाल्यावर त्यानं विचारलं, "पन तुले कर्ज कायले लागते बे? तुह्याजौळ त तुरीचे पैसे हायेत."

मी म्हटलं, "एफडी कराची हाय."

तो बराच वेळ कचोरीकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे तू पैसे ठेवासाठी पैसे काढून रायला, अन ते बुडाले तं भरणार मी?"

या वाक्याला साडूभाऊंच्या कागदावर कुठंही जागा नव्हती.

सहावा आणि सातवा हेलपाटा बँकेत. फॉर्ममध्ये 'कर्जाचा उद्देश' असा रकाना होता. माझा पेन तिथं अडखळला. गटसचिवानं शेजारून सांगितलं, "सोयाबीन ल्या." मी सोयाबीन लिहिलं. शाळेत परीक्षेच्या वेळी कॉपी करताना जसं पोटात व्हायचं तसं झालं. वय पन्नाशीला आलं तरी पोटाची ती जागा बदललेली नाही.

पुढं दोन हेलपाटे दुसऱ्या बँकेत एफडीसाठी. केवायसी झाली. आधार कार्डावरचा मी आणि काउंटरपुढचा मी एकच आहोत अशी साहेबांची कशीबशी खात्री पटली. २७ जून २०२४ ला पावती हातात आली. एक वर्ष, सात टक्के, मिळणार १,६०,७७९. मी ती पावती देवघरात बालाजीच्या फोटोमागं ठेवली आणि पेरलेलं वावर पाहायला गेलो. सोयाबीन उगवलं होतं, पण माझं लक्ष लागेना. पहिल्यांदाच माझ्याकडं एक असं पीक होतं ज्याला पाऊस लागत नव्हता, ज्यावर चक्रीभुंगा पडत नव्हता आणि रोही ज्याला तोंड लावू शकत नव्हते. शिवाय त्याला हमीभाव होता, आणि तो मिळणारही होता. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात क्विंटलला चार हजार-बेचाळीसशेनं माल गेला. एफडीच्या बाबतीत असं होत नाही. सात टक्के लिहून दिले की मॅनेजर कधी म्हणत नाही, 'ओलावा जास्त आहे, साडेपाच घेऊन जा.'

दुपारी पलंगावर पडून मी हिशेब करायचो. दिवसाला साधारण एकोणतीस रुपये. तासाला एक रुपया वीस पैसे. एक झोप काढून उठलो की अडीच रुपये झालेले असायचे. बायको म्हणाली, "उठा, चार रुपयांचं झोपले आज."

साडूभाऊ दुनियेबद्दल म्हणाले होते ते खोटं नव्हतं. इंग्लंडात एक काळ असा होता की क्रेडिट कार्डवाले पहिले काही महिने बिनव्याजी पैसे द्यायचे. लोक ते उचलून बचत खात्यात ठेवायचे आणि मधलं व्याज खायचे. तिथं या धंद्याला 'स्टूझिंग' असं नावसुद्धा पडलं. आणि थोर थोर कंपन्या हेच जपानच्या येनमध्ये करतात. जपानमध्ये वर्षानुवर्षं व्याजदर शून्याच्या आसपास होते, कधी शून्याखालीही. तिथून येन उचलायचे, डॉलर करायचे, अमेरिकेत चार-पाच टक्क्यांवर लावायचे. म्हणजे टोकियो ही त्यांची सोसायटी. फक्त त्यांना जामीनदाराला कचोरी चारावी लागत नाही.

त्यांचं काय झालं तेही लवकरच कळलं. ३१ जुलै २०२४ ला जपानच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर वाढवला. वाढवून केला किती? पाव टक्का! आमच्याकडं पाव टक्क्यानं कोणी कूस बदलत नाही. पण येन महागू लागला, उचललेले येन परत करायला सगळे एकदम धावले आणि ५ ऑगस्टला जपानचा निक्केई निर्देशांक एका दिवसात बारा टक्क्यांहून जास्त आपटला. टक्केवारीत १९८७ नंतरची सगळ्यात मोठी आपटी. तो श्रावणाचा पहिलाच दिवस होता आणि त्यात सोमवार. मला उपास होता. साबुदाण्याची उसळ खात बातमी ऐकली आणि उगीचच बालाजीच्या फोटोमागं हात घालून पावती जागेवर आहे का ते पाहिलं. साडूभाऊंना फोन केला तर म्हणाले, "आपलं येन नाई, रुपये हायेत. कायले घाबरता?"

पण त्या बातमीतली एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकून राहिली. उसना पैसा परत मागायची तारीख दुसऱ्याच्या हातात असते, आणि आपण लावलेला पैसा सुटायची तारीख वेगळीच असते. मी फोटोमागची पावती पुन्हा काढली. मुदत: २७ जून २०२५. सोसायटीची तारीख: ३१ मार्च. साडूभाऊंचा हिशेब एकोणऐंशी रुपयांपर्यंत गेला होता, पण त्यांच्या वर्षाला महिने बारा होते आणि सोसायटीच्या वर्षाला नऊ.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. धुऱ्याला धुरा लागलेला माझा एक शेजारी आहे. दोन वर्षं आधी त्याचं कर्ज थकलं होतं. थकलं म्हणण्यापेक्षा त्यानं थकू दिलं. त्याचं गणित साधं होतं. २०१९ च्या कर्जमुक्तीत थकबाकीदाराचे दोन लाखांपर्यंत माफ झाले, आणि तारखेला भरणाऱ्याला शाबासकी म्हणून पन्नास हजारांपर्यंत मिळाले, तेही मागाहून. ज्यानं भरलं त्याला पन्नास आणि ज्यानं नाही भरलं त्याला दोनशे, हे ज्याला दिसतं त्याला अर्थशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. सगळ्यात स्वस्त कर्ज म्हणजे न फेडलेलं कर्ज. फक्त दर वेळी माफी येतेच असं नाही. माफीची वाट पाहत तो थकबाकीत गेला, नवं कर्ज बंद झालं आणि जूनमध्ये बियाण्यासाठी त्यानं गावातल्या एकाकडून पैसे उचलले. शेकडा तीन. हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली शेतकऱ्याला परवानाधारक सावकारानं तारण असेल तर नऊ आणि नसेल तर बारा टक्क्यांवर व्याज लावायचं नाही असं ठरलंय. पण शेकडा तीनवाल्याकडं परवाना नाही. त्यामुळे कायदा मोडल्याचं त्याला ओझंही नाही.

साडूभाऊंना हे कळलं तेव्हा ते हळहळले. वेगळ्या कारणानं. "अरे, एफडी कायले केली? त्यालेच दोन टक्क्यानं द्याचे होते! चोवीस टक्के!" मी म्हटलं, विनापरवाना सावकारी केली तर तुरुंगात जावं लागतं. ते म्हणाले, "जेवन फुकट असते."

चहाच्या टपरीवर मी आणि शेजारी रोज समोरासमोर बसायचो. माझे दीड लाख शून्य टक्क्यानं आलेले, आणि त्याचे चाळीस हजार छत्तीस टक्क्यांचे. ज्याला नको त्याला पैसा स्वस्तात मिळतो आणि ज्याला हवा त्याला महाग, हे जगभर असंच आहे म्हणतात. पण जगभराचं वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि त्याच्या चहाचे पैसे देणं वेगळं. व्याजानं पैसे द्यायला परवाना लागतो. बिनव्याजी द्यायला कोणाचाच लागत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी चहाचे पैसे द्यायचो.

मार्च उजाडला. आमच्याकडं मार्च हा महिना नसून हंगाम आहे. या हंगामात गावात पैसा जमिनीतून निघाल्यासारखा निघतो आणि आठ दिवसांत पुन्हा जमिनीत जातो. याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. कोणाकडून तरी चार दिवसांसाठी उचलायचं, सोसायटीचं जुनं कर्ज भरायचं, व्याजसवलत वाचवायची, नवं कर्ज मिळालं की उचललेलं परत करायचं. शून्य टक्के टिकवण्यासाठी आठ दिवसांना शेकडा दोन-तीन मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. शून्याची इभ्रत राखायला एवढा खर्च दुसऱ्या कुठल्याच आकड्यासाठी कोणी करत नसेल.

त्यातून २०२५ चा मार्च आणखी वाकडा आला. तीस तारखेला रविवार आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. एकतीसला ईद. गटसचिव म्हणाला, "अठ्ठावीसले भरून मोकळे व्हा, मंग रडू नका." माझे पैसे तर जूनपर्यंत बांधलेले. एफडी मोडावी म्हटलं तर बँक कमी दर लावून वर एक टक्का दंड कापणार. साडूभाऊंनी फोनवर तोडगा सांगितला. एफडीवर कर्ज काढा. नव्वद टक्के मिळतं, एफडीच्या व्याजावर फक्त एक टक्का जास्त.

मी तीनदा बँकेत गेलो. तिसऱ्या खेपेला सही करताना मॅनेजरनं विचारलं, "हे पैसे कशासाठी हवेत?"

"कर्ज फेडायला."

"ते कर्ज कशासाठी काढलं होतं?"

"ही एफडी करायला."

मॅनेजर तरुण होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. कर्जातून ठेव, ठेवीवर कर्ज आणि त्या कर्जातून आधीचं कर्ज, असं चक्र एका माणसानं एकट्यानं फिरवल्याचं त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मोठ्या शहरात असं करणाऱ्याला उद्योगपती म्हणतात.

एफडीवर मिळाले एक लाख पस्तीस हजार. पंधरा हजार कमी पडत होते. मी घरात इकडंतिकडं करू लागलो तशी बायको म्हणाली, "किती?"

"पंधरा."

"आमच्या गटातून काढून देतो. दोन टक्के महिना."

"घरच्या मानसालेही दोन टक्के?"

"गट घरचा नाई, बायांचा हाय."

तिच्या बचत गटाची बैठक आमच्याच ओसरीवर भरते. बारा-तेरा बायका, एक लोखंडी पेटी, एक वही. अर्ज नाही, झेरॉक्स नाही. कर्ज तिच्या नावावर होतं, पण उद्देश मात्र त्यांनी विचारला. ती म्हणाली, "यायनं एफडी केली, म्हणून पैसे नाईत." बायका इतक्या हसल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पैसे दहा मिनिटांत मिळाले. २८ मार्चला मी सोसायटीचं कर्ज भरलं. शून्य टक्के शाबूत राहिले.

२७ जून २०२५ ला एफडी सुटली. मी आलो, सगळी देणी चुकवली आणि उरलेल्या नोटा मोठ्या दिमाखात बायकोपुढं ठेवल्या. तिनं गटाच्या वहीचं मागचं पान उघडलं.

"एफडीचं व्याज?"

"धा हजार सातशे एकोणऐंशी."

"एफडीवरच्या कर्जाचं?"

"दोन हजार सहाशे त्र्याण्णव."

"आमच्या गटाचं तीन महिन्याचं नऊशे. पेट्रोल, झेरॉक्स, फोटो, कचोऱ्या?"

"चौदाशे एक्कावन्न." तिच्या धाकानं मी हेही लिहून ठेवलं होतं.

"राहिले पाच हजार सातशे पस्तीस. गेले किती खेपा?"

मी बोटं मोजली. कर्जाला सात, एफडीला दोन, मार्चमध्ये तीन बँकेत आणि एक भरायला, सोडवायला एक. "चौदा."

"गड्याचा रोज चारशे. चौदा चोक छप्पन्न. पाच हजार सहाशे." तिनं रेघ मारली. "नफा एकशे पस्तीस."

मी उसळलो. "माह्या रोजाचे पैसे कावून कापतं? मी त्या दिवशी का कोनाच्या वावरात रोजानं जानार होतो?"

"म्हंजे तुमचा दिवस फुकटचा हाय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. साडूभाऊंच्या सगळ्या विद्येतली मेख मला त्या क्षणी दिसली. स्वस्त पैशावरचा नफा हा खरं तर आपल्याच न धरलेल्या रोजाचा पैसा असतो. हेलपाटे दीड लाखाला चौदा लागतात आणि दीड कोटीलाही चौदाच लागले असते. म्हणून दीड कोटीवाल्याला हा धंदा परवडतो, आणि त्याच्या जागी हेलपाटे मारायला माणूसही असतो. आमच्यासारख्याला तो परवडल्यासारखा वाटतो, कारण आम्ही आमचा दिवस शून्यात धरतो. कर्ज शून्य टक्क्यानं आणि माणूस शून्य रुपयांनी. जोड चांगली जमते.

आणि या सगळ्या व्यवहारात खरोखर कमावलं कोणी? बचत गटानं. पंधरा हजारांवर तीन महिन्यांत नऊशे रुपये, एकही हेलपाटा न मारता, आमच्याच ओसरीवर बसून, आमच्याच घरचा चहा पिऊन. वर्षअखेरीला वाटप होतं तेव्हा त्यातला बायकोचा हिस्सा तिला मिळाला. किती ते तिनं सांगितलं नाही.

साडूभाऊंना हिशेब कळवला. ते खचले नाहीत. "नफा झाला ना? एकशे पस्तीस का होईना, झाला का नाई?" आणि लगेच शून्य टक्के हप्त्यानं मिळणाऱ्या फ्रीजबद्दल सांगू लागले. मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.

त्या खरिपाला मी पुन्हा पीककर्ज उचललं. या वेळी फॉर्मवर सोयाबीन लिहिताना पेन अडखळला नाही. बियाणं घेतलं, डीएपीच्या बॅगा साडेतेराशेनं घेतल्या. शून्यानं उचलायचं आणि मातीत लावायचं, हाही धंदा साडूभाऊंचाच आहे म्हणा, फक्त इथं बँक ऑफ जपानच्या जागी पाऊस असतो आणि तो कधी दर वाढवील ते आधी कळवत नाही. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ जाहीर झाला होता. मला उमेद आली. हमीभाव काढताना केंद्राचा कृषिमूल्य आयोग शेतकऱ्याच्या घरच्यांची मजुरीही खर्चात धरतो, असं वाचलं होतं. दिल्लीतली माणसं माझा रोज धरतात आणि मी धरत नाही, याची मला लाज वाटली.

म्हणून एका संध्याकाळी मी गटाच्या वहीसारखीच वही घेऊन बसलो. बियाणं, खत, तणनाशक, डवरणी, फवारणी, सोंगणी, मळणी असं सगळं लिहिलं आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, एक नवी ओळ घातली: 'माझा रोज'. मग विचार करून तिच्याखाली अजून एक घातली: 'हिचा रोज'. दिवस मोजले. बेरीज केली. एकरी सहा-सात क्विंटल आणि बाजारातला भाव धरून वजाबाकी केली. पुन्हा केली.

बायको कंदील लावून आली, कारण लाइट गेली होती. तिनं खांद्यावरून वही पाहिली. थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या चौदा दिवसांची पै न् पै लावणारी ती बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं माझ्या हातातला पेन घेतला आणि खालच्या दोन्ही ओळींवर हळूच काट मारली.

"हे धरू नका," ती म्हणाली. "हे धरलं तं पेरता येनार नाई."